विणीच्या हंगामातला कॅमेरा

आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शिकारी पक्ष्यांचा विणीचा हंगाम पावसाळा सरला की सुरू होतो. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा कोकण किनाऱ्यावर समुद्री गरुडांच्या जोड्या जुन्या घरट्यांवर नव्या काटक्या रचत असतील. सह्याद्रीच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांनी कपारी धरायला सुरुवात केली असेल. दख्खनच्या पठारावर ओढ्याकाठच्या दरडींतून आणि सोडून दिलेल्या दगडखाणींतून शृंगी घुबडांचे घुमणे तिन्हीसांजेला ऐकू येऊ लागेल. त्यांच्या मागोमाग मोरघार, मग शाहीन ससाणा, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर शिक्रा. दिवाळीपासून पुढच्या पावसापर्यंत महाराष्ट्रात कुठे ना कुठे एखादी मादी अंड्यांवर बसलेली असतेच.

याच महिन्यांत पक्ष्यांचे छायाचित्रकारही सर्वाधिक संख्येने बाहेर पडतात. हवा निवळलेली असते, गवत पिवळे पडून पार्श्वभूमी मोकळी झालेली असते, सुट्ट्या जोडून आलेल्या असतात. एरवी आभाळात ठिपक्याएवढा दिसणारा गरुड विणीच्या काळात मात्र एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी हमखास येतो. त्यामुळे घरट्यावरचा फोटो हा शिकारी पक्ष्याचा सर्वांत सोपा फोटो आहे, आणि पक्ष्याला तोच सर्वांत महाग पडतो. घरट्यावरचा शिकारी पक्षी हा विषय हौशी छायाचित्रकारांनी आता सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

घरट्यावर काय चालते

रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावी समुद्री गरुडाचे एक घरटे आहे. गावाचे नाव मी देणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. जुन्या, उंच आंब्याच्या शेंड्याजवळच्या बेचक्यात काटक्यांचा मोठा ढीग दिसतो. वर्षानुवर्षे तेच घरटे डागडुजी करून वापरल्यामुळे तो वाढत गेला आहे. खाडीपलीकडच्या टेकडीवरून, दुर्बिणीतून ते नीट पाहता येते. एवढ्या अंतरावरून फोटो काढला तर पांढरा डाग तेवढा येईल. पाहायला मात्र भरपूर मिळते.

सकाळी पिल्ले लहान असताना मादी घरट्यातच असते. ऊन चढू लागले की ती उठते, सूर्याकडे पाठ करते आणि पंख अर्धवट उघडून तशीच उभी राहते. तिची सावली बरोबर पिल्लांवर पडते. सूर्य सरकतो तशी तीही थोडी थोडी वळते. चोच उघडी असते, घसा धापा टाकल्यासारखा हलत असतो, पण ती जागा सोडत नाही. मग नर समुद्रावरून येतो. त्याच्या नख्यांत मासा असतो, कधी पट्टेरी समुद्रसाप लोंबत असतो. तो भक्ष्य टाकून लगेच निघतो. मादी एक पाय त्यावर रोवते, लहान लहान तुकडे तोडते आणि मान वाकडी करून पिल्लाच्या चोचीपाशी धरते. दणकट पंजाचा, वाकड्या चोचीचा हा पक्षी त्या क्षणी किती हळुवारपणे काम करतो ते पाहिले की माणूस बराच वेळ बोलत नाही.

या दृश्यातली प्रत्येक गोष्ट वेळेला बांधलेली आहे. समुद्री गरुडाची मादी सहसा दोन अंडी घालते. ती सुमारे सहा आठवडे उबवावी लागतात. पिल्ले घरटे सोडायला पुढे दोन-अडीच महिने घेतात, आणि पुष्कळदा दोनातले एकच वाढते. मोरघार बहुधा एकच अंडे घालते. सर्पगरुडही एकच घालतो. लांब चोचीच्या गिधाडाचेही वर्षाला एकच अंडे. ते जवळजवळ ५० दिवस उबवायचे आणि पिल्लाला तीन-चार महिने भरवायचे. चिमणी किंवा बुलबुल एक वीण हुकली तर त्याच हंगामात दुसरी घालतात. मोठ्या शिकारी पक्ष्याचे एक अंडे गेले की बहुधा त्या जोडीचे वर्षच गेले.

अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाला पहिले दहा-पंधरा दिवस स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. अंगावर पातळ लव असते, बस. सकाळच्या गारव्यात आईची ऊब आणि दुपारी आईची सावली यांवरच ते जगते. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात उघड्या कड्यावर पडलेल्या पिल्लाला आईविना काढलेला थोडा वेळसुद्धा पुरेसा घातक ठरतो.

माणूस जवळ आला की

छायाचित्रकार घरट्याखाली जाऊन उभा राहतो. त्याने दगड मारलेला नसतो, फांदी तोडलेली नसते, आवाजही केलेला नसतो. तरी मादी उठते, आणि इथून पुढे घडते ते त्याला लेन्समधून दिसत नाही.

मादी आकाशात घिरट्या घालते. काही जाती ओरडतात, काही अगदी गप्प राहून दूरच्या झाडावर बसतात. ती गप्प बसलेली पाहून 'सवय झाली' असे आपण समजतो. खरे तर ती परत येत नाही, कारण परत येणे म्हणजे घरट्याची जागा शत्रूला दाखवणे. नर भक्ष्य घेऊन आलेला असतो; तोही लांबूनच वळतो. एक भरवणे चुकते. दरम्यान कावळे हे सारे पाहत असतात. गरुड घरट्यावरून उठला आहे आणि खाली माणूस उभा आहे, याचा अर्थ त्यांना चांगला कळतो. माणूस तासाभराने समाधानाने निघून जातो, तेव्हा घरटे रिकामे झाले की नाही हे त्याला समजायला मार्ग नसतो. म्हणूनच 'मी इतकी वर्षे घरट्यांचे फोटो काढतो, कधी काही झाले नाही' या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. जे झाले ते पाहायला आपण तिथे नव्हतो.

पिल्ले मोठी झाली म्हणजे धोका टळला, असेही नाही. पंख जवळजवळ भरलेले पण उडण्याचे बळ अजून न आलेले पिल्लू घाबरले की घरट्याबाहेर उडी टाकते. झाडावरचे असेल तर खाली कुत्रे आणि मुंगूस असतात. कड्यावरचे असेल तर खाली दरी असते.

घुबडांची तऱ्हा आणखी नाजूक. शृंगी घुबड घरटे बांधतच नाही. दरडीच्या कपारीत किंवा सरळ जमिनीवर थोडी माती उकरून त्या खळग्यात अंडी घालते. शेताच्या बांधालगतच्या अशा जागेपर्यंत माणूस चालत पोचू शकतो. पुण्याच्या आसपासच्या खाणींमध्ये अशी जागा सापडली की पुढचे चित्र ठरलेले असते. गाड्या येतात. कडेला तिवया लागतात. 'आय लेव्हल' मिळावी म्हणून कोणी समोरच्या कठड्यावर उतरतो. मधे येणारी झुडपाची फांदी 'बाजूला' केली जाते. तीच फांदी पिल्लांवर सावली धरत होती आणि त्यांना घारीच्या नजरेपासून लपवत होती. अंधार पडला की टॉर्च आणि फ्लॅश निघतात. अंधारातला बारीकसा उजेड टिपण्यासाठी घडलेले डोळे त्या झोताने काही वेळ निकामी होतात, आणि ती वेळ नेमकी शिकारीला निघण्याची असते. हे घुबड शेतातल्या उंदीर-घुशींवर जगते, आणि त्याची वीण वाया गेली की त्याचा फटका शेवटी शेतकऱ्यालाच बसतो.

कॅमेरा घरट्यापाशी कसा आला

पक्षिछायाचित्रणाची सुरुवातच घरट्यापासून झाली, हे मान्य करायला हवे. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचा फोटो काढला, आणि १८९५ मध्ये घरट्यांच्या छायाचित्रांचे त्यांचे पुस्तक निघाले. पुढे पक्ष्यांना कळू नये म्हणून आतून पोकळ ठेवलेल्या बैलाच्या कातड्यात बसूनही त्यांनी फोटो काढले. त्या काळचे कॅमेरे अवजड, काचेच्या प्लेटा मंद, लेन्स तोकड्या. पक्षी ज्या जागी नक्की परत येतो ती जागा सोडून फोटो काढणे जवळजवळ अशक्यच होते. त्याच सुमारास अंडी गोळा करण्याचा छंद युरोपात जोरात होता. अंडे खिशात घालण्याऐवजी त्याचे चित्र न्यावे, ही त्या काळी मोठी सुधारणा होती.

एरिक हॉस्किंग हा पुढच्या पिढीतला ब्रिटिश छायाचित्रकार. १९३७ साली वेल्समध्ये टॉनी घुबडाच्या घरट्याजवळ बांधलेल्या लपणात रात्री शिरत असताना घुबडाने त्याच्या चेहऱ्यावर झेप घेतली. डाव्या डोळ्यात नखी रुतली. जखम चिघळली आणि तो डोळा काढावा लागला. हॉस्किंगने घुबडाला दोष दिला नाही. तो लवकरच पुन्हा घुबडांचे फोटो काढायला गेला. पिल्ले असलेला शिकारी पक्षी माणसाला काय समजतो, याचा याहून स्वच्छ पुरावा नको. आपण स्वतःला कलावंत समजून जातो. घरट्यावरची मादी आपल्याला पिल्लांवर चालून आलेला प्राणी समजते.

आज त्या जुन्या अडचणी उरलेल्या नाहीत. ६०० मिलिमीटरची लेन्स, त्यावर टेलिकन्व्हर्टर, डोळा शोधून त्यावर खिळणारा फोकस, सेकंदाला २० फ्रेम घेणारे आवाज न करणारे शटर ही सामग्री आता पुण्या-मुंबईच्याच नव्हे, तालुक्याच्या गावच्या हौशी माणसाकडेही असते. झेप घेणारा ससाणा हवेत टिपणे ही ५० वर्षांपूर्वी नशिबाची गोष्ट होती. आज ती सरावाची आहे. मग घरट्यावरच्या चित्रात कौशल्य ते कोणते? झाड कुणीतरी दाखवलेले असते, पक्षी तिथे बांधील असतो, आणि कॅमेरा बाकीचे पाहून घेतो.

'लोकेशन' नावाची वस्तू

छायाचित्रकारांच्या व्हॉट्सॲप गटांवर सर्वांत जास्त फिरणारा शब्द 'लोकेशन' आहे. एकाने घरट्याचा फोटो टाकला की पाच मिनिटांत विचारणा सुरू होते. कुणी नकाशावरची खूण पाठवतो. कुणी वाटाड्याचा नंबर देतो. ज्याने सांगितले नाही त्याच्या फोटोतही पाठीमागचा कडा, देवळाचा कळस किंवा विजेचा मनोरा ओळखू येतो. मोबाइलने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये तर अनेकदा अक्षांश-रेखांशच दडलेले असतात. एका माणसाने सांभाळून घेतलेल्या एका फोटोतून पन्नास जणांची रीघ उभी राहते. पहिला माणूस लांब थांबलेला असतो. विसाव्या माणसाला वेगळा फोटो हवा असतो, म्हणून तो जवळ जातो.

या साखळीच्या टोकाला कॅमेरा नसलेला माणूसही असतो. घुबडांचा बेकायदा व्यापार आपल्या देशात अजून चालतो, आणि अंधश्रद्धेपोटी तो नेमका दिवाळीच्या दिवसांत वाढतो. ट्रॅफिक या संस्थेने २०१० मध्ये भारतातल्या या व्यापारावर अहवाल प्रसिद्ध केला होता. तेव्हापासून दर दिवाळीच्या तोंडावर वनखाते आणि पक्षिमित्र संस्था इशारे देत आल्या आहेत. ससाण्यांच्या पिल्लांनाही चोरबाजारात किंमत आहे. आपण कौतुकाने टाकलेली खूण कोण वाचेल हे आपल्या हाती राहत नाही. त्या आंब्याच्या गावाचे नाव मी दिले नाही, ते याच कारणाने. ई-बर्डसारख्या नोंदींच्या व्यवस्थेतही काही संवेदनशील जातींची नेमकी ठिकाणे सर्वांना दाखवली जात नाहीत. ज्या माहितीचा उपयोग अभ्यासाला होतो ती अभ्यासकांपर्यंत पोचावी, चावडीवर येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार आहे.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या कलम २(१६) मध्ये दिली आहे. मारणे, पकडणे, सापळा लावणे हे त्यात आहेच. त्याबरोबर वन्य पक्ष्यांची अंडी खराब करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही त्याच व्याख्येत आहे. घरट्याखाली गर्दी करून मादीला उठवणारा छायाचित्रकार या व्याख्येपासून किती दूर आहे, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा. गिधाडे, समुद्री गरुड यांसारखे अनेक शिकारी पक्षी पहिल्या अनुसूचीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने किमान दंड २५,००० रुपये केला आहे.

ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यानुसार सोनेरी गरुड, बहिरी ससाणा अशा ठरावीक पक्ष्यांना घरट्याजवळ विचलित करणारे छायाचित्रण परवान्याशिवाय करता येत नाही. आपल्याकडे अभयारण्यात छायाचित्रणासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. पण आपली पुष्कळशी घरटी अभयारण्याबाहेर आहेत. ती बागायतीत, माळावर, खाणीत, गायरानात आहेत. कायदा तिथेही लागू आहे. पहारा मात्र नाही. तो पहारा गावाने आणि छायाचित्रकारांनीच करायचा आहे.

गिधाडांच्या बाबतीत तर चुकीला जागाच उरलेली नाही. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्के घटली. लांब चोचीची आणि तिची जवळची जात मिळून जवळपास ९७ टक्के गेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही आली. रायगडातले चिरगाव, नाशिकजवळचे अंजनेरी अशा ठिकाणी जी थोडी गिधाडे उरली, त्यांच्यासाठी स्थानिक लोकांनी आणि वनखात्याने कष्ट घेतले आहेत. एका अंड्यावर वर्ष अवलंबून असलेल्या जोड्यांच्या कड्याच्या माथ्यावरून वाकून फोटो काढणे किंवा कपारीसमोर ड्रोन उडवणे, हे त्या कष्टांवर पाणी ओतणे आहे.

मग फोटो काढायचेच नाहीत का?

काढायचे, भरपूर काढायचे. छायाचित्रांनी शिकारी पक्ष्यांच्या अभ्यासाला मोलाची मदत केली आहे. कोणता पक्षी काय खातो, पिल्लाची पिसे वयानुसार कशी बदलतात, पायात कडी आहे का, हे फोटोतून कळते. घरट्याचा अभ्यासही व्हायलाच हवा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कोकणातल्या समुद्री गरुडांच्या घरट्यांच्या नोंदी केल्या. पुण्यातल्या इला फाउंडेशनने आणि डॉ. सतीश पांडे यांनी शृंगी घुबडांचा दीर्घ अभ्यास केला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारातल्या लाल शेपटीच्या बाजाच्या घरट्यावर २०१२ पासून कॅमेरा आहे आणि जगभरचे लोक ते घरटे घरी बसून पाहतात. अशा ठिकाणी कॅमेरा वीण सुरू होण्याआधी बसवला जातो आणि पिल्ले असताना त्याला कुणी हात लावत नाही. प्रश्न आणि परवानगी दोन्ही असतील, तर घरट्यापाशी जाण्याला अर्थ आहे.

बाकीच्यांसाठी महाराष्ट्राचा हिवाळा पुरेसा श्रीमंत आहे. युरोप आणि मध्य आशियातून येणारे भोवत्ये इंदापूरजवळच्या कडबनवाडीसारख्या माळांवर गवताच्या शेंड्यांना घासत उडतात. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला ऑस्प्रे मासा उचलतो. हे पाहुणे इथे घरटी करत नाहीत. पिल्ले उपाशी राहण्याचा प्रश्न नाही. अर्थात त्यांच्यामागे जीप पळवणे किंवा त्यांना रात्रीच्या थाऱ्यावरून उठवणे हेही चूकच. स्थानिक शिकारी पक्ष्यांचे प्रणयातले उड्डाण, हवेतच नराकडून मादीकडे जाणारे भक्ष्य, घरटे सोडल्यावर पालकांमागे उडायला शिकणारी पिल्ले, हे सारे घरट्यापासून लांब, मोकळ्या आभाळात टिपता येते, आणि तिथे खरी कसोटी लागते.

चालता चालता अचानक घरटे दिसले तर काय करावे, हे सोपे आहे. थांबू नये, टक लावू नये, आलो त्या वाटेने शांतपणे दूर व्हावे. ठरावीक मीटरांचा नियम सांगता येत नाही, कारण प्रत्येक जातीची आणि प्रत्येक जोडीची सहनशक्ती निराळी. पण खूण पक्षीच देतो. मादीने मान ताठ केली, अंग घरट्यात दाबून चपटे केले, ओरडली किंवा नर भक्ष्य घेऊन लांबच बसून राहिला, तर आपण आधीच फार जवळ आहोत. अंडी आणि लहान पिल्ले असताना तर कोणतेही अंतर फोटोसाठी योग्य नाही. फांदी छाटू नये, आवाज वाजवून बोलावू नये, ड्रोन नेऊ नये, घुबडावर फ्लॅश मारू नये. नोंद करायची असेल तर वनखात्याला किंवा अभ्यास करणाऱ्या संस्थेला कळवावे. गटावर टाकू नये.

वाटाड्यांच्या पोटाचाही विचार करायला हवा. घरटे दाखवून चार पैसे मिळतात म्हणून गावातला तरुण ते दाखवतो. त्याला नुसते दटावून भागणार नाही. कोकणात वेळासच्या कासव महोत्सवाने दुसरी वाट दाखवली आहे. तिथे कासवाची अंडी गावकरी सांभाळतात, पिल्ले समुद्रात सोडताना पाहुणे दोरीमागे उभे राहून पाहतात, आणि पैसा घराघरांत येतो. शिकारी पक्ष्यांच्या बाबतीतही माळावरची सफर, स्थलांतराचे दिवस, दुर्बिणीतून लांबून दर्शन असे कार्यक्रम गावाने ठरवावेत. फोटोसाठी पैसे मोजणाऱ्याने ते घरट्यासाठी न मोजता अशा कार्यक्रमांसाठी मोजावेत.

सर्वांत मोठी जबाबदारी मात्र पाहणाऱ्यांची आहे. घरट्यावरच्या गरुडाच्या फोटोला आपण 'वा!' म्हणतो, म्हणून तो काढला जातो. अनेक स्पर्धांनी घरट्यांची छायाचित्रे घेणे बंद केले आहे, उरलेल्यांनीही करावे. दिवाळी अंकांच्या, दिनदर्शिकांच्या आणि वृत्तपत्रांच्या संपादकांनी असा फोटो आला की आधी विचारावे, हा कुठल्या परवानगीने, कुठल्या अभ्यासासाठी काढला? समाधानकारक उत्तर नसेल तर तो परत करावा. वाचकहो, या हंगामात तुमच्या मोबाइलवर असा फोटो आला तर त्याला पसंतीची खूण देऊ नका, पुढे पाठवू नका, आणि ठिकाण तर मुळीच विचारू नका. तुमच्या ओळखीच्या झाडावर, कड्यावर किंवा खाणीत घरटे असेल, तर ते माहीत असलेली माणसे जितकी कमी राहतील, तितकी त्यातली पिल्ले उडण्याची शक्यता जास्त.